नळी उजळली नाही

“काय चोरून राह्यल्या जी?”

सरिता दचकली. हातातला चमचा वांग्याच्या सरीत तसाच रुतून राहिला. मागं कोंबड्यांच्या शेडला टेकून एक उंच मुलगा उभा होता — ओठ दाबून हसत.

“माती,” ती म्हणाली.

“चमच्यानं? थांबा... टोपलं आणतो.”

दोन हजार चारच्या हिवाळ्यात पियुष तिला असा भेटला. सिंदी रेल्वे या गावच्या हिरालालजींचा धाकटा, बापाची पोल्ट्री सांभाळणारा. ती आर्वीची, नागपूरला जंतूंवर संशोधन करणारी. कोंबड्यांना खाद्यातून औषधं देतात, त्यांचं खत शेतात पडतं. ते औषध मातीत उरतं का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी प्रयोगशाळेत खास तयार केलेले जिवंत जंतू होते. मातीच्या पाण्यात औषध असलं की ते अंधारात चमकायचे.

“काजव्यावाणी?”

“तसंच. पण पाहाले नागपूरले यावं लागते.”

“येतो ना! इतक्या प्रेमानं कोण बोलावते मले?”

“प्रेमानं कोणी बोलावलं?” ती म्हणाली, पण कान तापले होते.

तो आला. मग येतच राहिला, दर खेपेला कुणाच्या तरी शेतातली मातीची पुडी घेऊन. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काळ्या पडद्यांची खोली होती. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तिथं गप्प उभं राहावं लागे... आणि त्या गप्प उभं राहण्यातच सगळं होऊन गेलं. जंतू अन् मातीचं पाणी भरलेल्या काचेच्या नळ्या निळसर उजळायच्या, त्या उजेडात त्याच्या पापण्या दिसायच्या. एकदा नळी धरायच्या निमित्तानं त्यानं तिची बोटं धरली. नळी जागेवर गेली तरी बोटं सुटली नाहीत.

“घरी सांगतो तुझ्याबद्दल.”

“सांगजो. आम्ही बौद्ध आहो, हेही सांगजो.”

“त्यानं काय फरक पडते?” तो इतक्या सहज म्हणाला, की तिनं विश्वास ठेवला. वेडीच ती!

त्याच्या स्वतःच्या शेताची नळी मात्र उजळली नाही. काळीकुट्ट.

“पाह्य! आमची माती साफ!” त्यानं तिला आनंदानं जवळ ओढलं. तिलाही तेच हवं होतं. पण स्वच्छ मातीतही हे जंतू किंचित मिणमिणतात. इथं तेवढंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं तीच माती भरपूर पाण्यात पातळ करून लावली, आणि ती नळी सगळ्यांत जास्त उजळली. आधी औषधच इतकं होतं, की जंतू चमकायच्या आतच मेले होते.

“बाबाले मी सांगतो,” हे ऐकून तो म्हणाला. “आपलंही सांगतो. तू रविवारी येजो घरी.”

ती गेली. हिरालालजींनी चहा मागवला, औषधाचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आडनाव काय म्हणली तू?”

तिनं सांगितलं.

“अस्सं. म्हंजे आता तुम्ही लोकं आमच्या मातीले नावं ठेवान! अन् हा सारखा नागपूरले काऊन पळते, तेही आज समजलं.”

म्हणजे यानं काहीच सांगितलं नव्हतं.

“पियुष, हिच्याशी तुझं काही आहे काय?”

पियुष बशीकडे बघत राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली... चहावर साय धरली, तरी तो बोलला नाही.

स्टेशनवर तो धावत आला.

“मी ‘नाई’ तर म्हणलो नाई ना, सरिता? गप्प राह्यलो फक्त!”

“तुझी नळीही गप्पच होती.”

त्याचे डोळे भरले. “माझं प्रेम आहे तुझ्यावर.” पहिल्यांदाच म्हणाला तो, पण इतक्या हळू, की तिला ओठांवरूनच समजलं. पलीकडच्या बाकावर त्याच्या ओळखीचे अण्णाजी बसले होते, त्याची नजर तिकडे होती.

गाडी येऊन थांबली.

“मोठ्यानं म्हण,” ती म्हणाली. “एकदाच. मग मी चढत नाई गाडीत.”

त्यानं तोंड उघडलं —

“काय रे पियुष,” बाकावरून अण्णाजींनी हाक मारली, “कोणाले सोडाले आला?”

“कोणाले नाई, काकाजी... असाच आलतो.”

सरिता गाडीत चढली. फलाटाकडची खिडकी रिकामी होती. ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.