असो, असा, असावा

अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये बोटीवर जाणाऱ्यांचे डोळे तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्या दुपारी हर्षद कांबळी आला. कांदिवलीचा, बोटीवर इंजिनिअर. रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचायचा सोडून माझ्याकडेच बघत बसला.

"पुस्तकात बघा. माझ्या तोंडावर आकडा नाही... असो!"

तो खो खो हसला. "मला कुत्रा म्हणालात?"

"ई! कधी?"

"आमच्या बोटीवर निम्मे फिलिपिनो आहेत. त्यांच्या तागालोगमध्ये असो म्हणजे कुत्रा."

मी त्याला पास केलं. काय करणार, डोळे खरंच चांगले होते...

मग रोज संध्याकाळी पार्ल्यात चहा. बाहेर भुरभुर पाऊस, आत त्याचे शब्द. "तिकडे 'असा' म्हणजे आशा. तो आपलाच, संस्कृतातून समुद्र ओलांडून गेलेला. 'असो'चं तसं नाही, निव्वळ योगायोग." बोलताना तो कपाच्या कडेवरून बोट फिरवायचा, आणि मी त्या बोटाकडे बघत राहायचे. वेडी कुठली!

पण मनातलं एक अक्षर बोलेल तर शपथ. आणि शनिवारी तो नऊ महिन्यांसाठी निघणार होता.

शुक्रवारी चहा पिताना आईचा फोन आला. "श्रुतिका, रोज कुणाबरोबर असतेस गं?"

मी त्याच्याकडे रोखून बघत फणकाऱ्यानं म्हटलं, "मित्र असावा!"

त्याला जोरात ठसका लागला. मी फोन ठेवला.

"काय झालं रे? हाही कुत्राच का?"

"नाही..." त्याचे कान लाल झाले होते. "तिकडे असावा म्हणजे... नवरा. बायकोसुद्धा. दोघांना एकच शब्द."

"आणि हा कुठून आला?"

"तिथलाच. आपल्याशी काही नातं नाही."

"नातं नाही?" मी पर्स उचलली. "बरं. अ—"

"असो म्हणू नकोस हां!" त्यानं माझा हात धरला. "मी शब्दाचं बोलत होतो गं. आपलं नातं... मला हवंय. पहिल्या दिवसापासून आवडतेस तू मला. थांबशील नऊ महिने?"

माझे डोळे भरून आले. ठिपकेच ठिपके दिसायला लागले सगळीकडे.

"परत आलास की मेडिकल माझ्याकडेच," मी म्हटलं. "फॉर्मवरचं 'अविवाहित' मी खोडणार."

"आणि तिथे काय लिहिशील?"

"असावा."

"मराठीत... की तागालोगमध्ये?"

"तेच आईला सांग," मी म्हटलं, आणि फोन लावून त्याच्या हातात दिला.