घाटमाथ्यावरचं खोटं

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लिनिकच्या दारात ती गाडी बंद पडली, तेव्हा तिथं काम करणारी आदिती भांडायलाच बाहेर आली होती. गुडघेदुखीच्या दोन आजी रिक्षातच अडकून बसलेल्या, आणि वाटेत आडवी उभी एक हिरवी, बुटकी, उघडी स्पोर्ट्स कार. साठच्या दशकातली, परदेशी.

"पावणं, हे खेळणं जरा बाजूला घ्या की!"

बॉनेटमागून एक डोकं वर आलं. गालाला वंगण, आणि हसू असं, की तिचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

"घेतो की. तुम्ही स्टिअरिंग धरा, मी ढकलतो."

"मी? मला कुठं येतं..."

"मायेनं धरली की ऐकते ती."

तो सम्राट. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप होतं. भंगारातून आणलेली ही गाडी त्यानं स्वतः, फावल्या वेळात, चालती केली होती. त्या दिवसापासून ती वरचेवर क्लिनिकसमोरच बंद पडू लागली.

"खरंच पडते, का तू पाडतोस?" एकदा आदितीनं विचारलं.

"तुला काय वाटतंय?" तो म्हणाला. लाजली मात्र तीच.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दोघं गगनबावड्याला निघाली. कळे गाव मागं पडलं, ऊस संपला, चढ लागला. गाडी गुरगुरत वळणं घेऊ लागली आणि गार धुकं थेट तोंडावर येऊ लागलं. गिअर टाकताना त्याचा हात तिच्या गुडघ्याला लागला.

"चुकून हं."

"प्रत्येक वळणावर?"

"घाटाची चूक हाय ती," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

घाटमाथ्यावर भज्यांच्या टपरीपाशी ती उतरली, तोच मागून हाक आली.

"आदे? तू हितं कशी?"

धनपालमामा! जयसिंगपूरचे कापड व्यापारी. गेल्याच आठवड्यात त्यांनी तिच्यासाठी सांगलीचं स्थळ आणलं होतं. कोकणातून परतताना अक्काताई मामींबरोबर चहाला थांबले होते. त्यांची नजर सम्राटच्या मळक्या बाहीवरून फिरली.

"ह्यो कोण?"

आदितीनं सम्राटकडं न बघताच सांगून टाकलं.

"हे... ड्रायव्हर. आमच्या डॉक्टर मॅडमची गाडी हाय. घाट बघायला दिली त्यांनी."

शब्द निघून गेला. परत ओढून घेता येईना. सम्राटनं एकदाच तिच्याकडं पाहिलं, मग शांतपणे जाऊन दार उघडलं.

"बसा मॅडम. धुकं वाढायच्या आत निघू."

ती बसली. गाडी कोल्हापूरच्या दिशेनं उतरू लागली. आता त्याचा हात कुठंच लागत नव्हता.

"सम्राट... बोल की काहीतरी."

"काय बोलू, मॅडम?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आदितीचे कान तापले. ज्या हातांनी ही गाडी उभी केली, तेच हात बघून तिनं त्याला नोकर ठरवलं होतं... आणि तिला मामांची भीती वाटली होती, हेही खोटं नव्हतं. पण ती भीती तिची होती, अपमान त्याचा झाला होता.

"गाडी वळव."

"कशाला?"

"वळव म्हणते ना!"

मामा अजून टपरीवरच होते. ती धावतच त्यांच्यासमोर गेली.

"मामा, मगाशी मी खोटं बोलले. हे ड्रायव्हर न्हाईत. हे सम्राट. गाडी ह्यांचीच हाय. आणि..." तिनं मान खाली घातली. "माझं प्रेम हाय ह्यांच्यावर. तुम्हाला भिऊन मी ह्यांना... लाज वाटते मला माझी."

मामांनी हातातलं भजं ताटलीत ठेवलं. ते काही बोलणार, इतक्यात मागून सम्राटचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"आँ? हे मला आधी सांगायचं न्हाई व्हय?"

टपरीवाला फिसकन हसला. मामींनी पदर तोंडाला लावला. मामा मात्र हसले नाहीत.

"आता सांगलीकरांना काय सांगू मी?" ते पुटपुटले. मग बाकावर सरकून त्यांनी दोघांना जागा केली. "बसा. चहा घ्या. मग बोलू."

आदिती त्याच्या शेजारी टेकली. मान वर करायची हिंमत अजून नव्हती.

"माफ कर," ती कुजबुजली.

"करीन... पण आज न्हाई."

त्यानं स्वतःचा गरम कप तिच्या गारठलेल्या हातात दिला आणि तिच्या बोटांभोवती आपली बोटं तशीच राहू दिली. मामा समोरच बसले होते. तिनं हात काढून घेतला नाही.