सोडलं का?

स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली, तेव्हा ताईने आधी वरच्या मजल्यावरच्यांचा उद्धार केला, मग ज्याने ही इमारत बांधली त्याचा. तोंडाची ती फटकळच. पण राग खोटा नव्हता. आतल्या खोलीत तिचा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळलेला. त्याचं अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, घसा ओला ठेवायचा, सगळं पाण्यावर अडलेलं. आणि नळ बघावा तर सुतळीएवढा!

थोरला भाऊ परगावी असायचा. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला होता. "डॉक्टरांनी हात टेकले ना? मग तूही आता धाकट्यावर पाणी सोड. किती झिजशील?"

"पाणी सोड? तो काय बसमध्ये विसरलेली छत्री आहे?" ताई कडाडली. "काही लाज वाटते का बोलायला? माझ्या जिवात जीव आहे तोवर मी त्याच्यावर पाणी सोडणार नाही, सांगून ठेवते!" तिने फोन आपटला. धार बारीक झाली ती त्याच संध्याकाळपासून.

प्लंबर आला तो भर दुपारी. आत डोकावून त्याने धाकट्याची विचारपूस केली आणि कामाला लागला. नळाच्या तोंडाची जाळी काढली, तिच्यात अडकलेली वाळू झटकली, जुन्या ब्रशने घासून परत बसवली. सिंकखालचा कॉक पूर्ण उघडा असल्याची खात्री केली. मग बादली लावून नळ सोडला, तर धार दणदणीत.

"झालं की, ताई."

"काय झालं? आता हा लावून बघा." तिने धाकट्याचं अंग पुसायचा टब पुढे सरकवला.

टब नळाखाली गेला आणि धार आक्रसली. बादली लावली, दणदणीत. टब लावला, सुतळी. प्लंबरने टब उलटा करून पाहिला. टबात काय असणार, कपाळ!

"बघितलंत? म्हणजे मी वेडी नाही."

"लाइनीत हवा अडकली असेल," तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. "गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद करतो नि उघडतो. वरून विचारीन, 'सोडलं का?' तुम्ही नळ सोडायचा आणि 'सोडलं' म्हणून ओरडायचं."

तो गेला. ताई नळावर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, पाणी," आतून धाकट्याने हाक मारली.

"आणते रे राजा. जरा दम धर."

"सोडलं का?"

खिडकीतून आवाज आला असावा. तिने नळ सोडला. "सोडलं!" एक थेंब आला नाही.

"सोडलं का?"

आता आवाज जवळून आला. नळाच्या तोंडातून, ओलसर. पाइपातून आवाज येतोच, असं तिने स्वतःला बजावलं. तरी अंगावर काटा आला, आणि त्या काट्याचाच तिला जास्त संताप आला.

"सोडलं म्हणते ना!"

"पूर्ण सोडलं?"

"हो, पूर्ण सोडलं! कितीदा सांगू? सोडलं, सोडलं, सोडलं!"

नळ थरथरला. पाणी आलं. टब भरून वाहू लागला.

आतून पुन्हा हाक आली नाही.

प्लंबर धापा टाकत दारात आला. "गच्चीला कुलूप आहे, ताई. किल्ली मागायला खाली गेलो होतो. आता जातो वर..." भरलेला टब पाहून तो थांबला. मग त्याची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"ताई, भाऊ कुठे आहेत?"

"भाऊ? तो परगावी असतो."

"ते नव्हे. आत झोपले होते ते. मघाशी मला म्हणाले, पाण्याचं तेवढं लवकर बघा."

"भलतंच काय बोलता!" ताई उसळली. "मला एकच भाऊ आहे. नळ झाला ना? मग निघा."

तो पाना तिथेच टाकून जिना उतरला. ताई पुटपुटत आतल्या खोलीत गेली. पलंग भिंतीपासून पुढे ओढलेला, अंगावरची चादर अर्धी जमिनीवर, उशापाशी रिकामा पेला. सगळा पसारा कोणी केला, आणि आवरायचा कोणी? तर तिनेच! चरफडत तिने चादर गोळा केली. उशीला मधोमध खळगा पडला होता. दोन चापट्या मारून तिने तो सपाट केला.

उशी अजून गरम होती. उन्हाने तापली असेल, ती म्हणाली, आणि खिडकी नसलेल्या त्या खोलीचं दार ओढून घेतलं.