राणीसाहेबांचा आवाज

कोमट पाण्यात मीठ घालून आवाजबाईंनी तीनदा गुळण्या केल्या, गळ्याला रुमाल गुंडाळला आणि सुनेला सांगितलं, "जेवायच्या वेळेला येतेच. अर्ध्या मिनिटाचं तर काम आहे."

"सत्तरी ओलांडली तरी तुमच्या आवाजाला मागणी," सून म्हणाली. "माझं तर घरातल्या घरात कुणी ऐकत नाही."

एरवी आवाजबाईंनी याला चोख उत्तर दिलं असतं. आज त्या चपला घालून तशाच बाहेर पडल्या. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट मनाशी घोकली होती. या खेपेला खरं बोलायचं.

खरं काय ते आधी सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी एक नटी होती. चेहरा असा की थिएटरमधल्या माणसाने हातातला घास खाली ठेवावा, पण आवाज घोगरा. म्हणून तिच्या नऊच्या नऊ चित्रपटांत ओठ तिने हलवले आणि बोलल्या आवाजबाई. बंद खोलीत उभं राहायचं, पडद्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि तिच्या ओठांत आपले शब्द नेमके बसवायचे. लोक आवाजावर जीव टाकायचे आणि हार मात्र नटीच्या गळ्यात पडायचे. आवाजबाईंचा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोला!

पुढे नटीने राजेसाहेबांशी लग्न केलं आणि ती राणीसाहेब झाली. त्यानंतर दोन वर्षं ती कुणाच्या दृष्टीस पडली नाही. वर्तमानपत्रं नको ते विचारू लागली, तेव्हा राजवाड्यातून एक रीळ स्टुडिओत आलं. त्यात आवाज नव्हता. वरच्या मजल्याच्या खिडकीत राणीसाहेब उभ्या, कॅमेरा लांब खाली अंगणात, आणि त्या काहीतरी बोलतायत. सोबत कागद होता, त्यावर तीन ओळींचं भरजरी निवेदन. राणीसाहेबांनी ते पाठ म्हटलंय, तुम्ही फक्त आवाज द्या, असा निरोप.

आवाजबाईंनी तुकडा एकदाच पाहिला. ते ओठ त्यांना स्वतःच्या तळहातासारखे पाठ होते. राणीसाहेब कागदावरचं बोलतच नव्हत्या. त्या म्हणत होत्या, "मला इथून घेऊन जा. मी मरेन."

खाली उभ्या असलेल्यांना ते ऐकू गेलं नसणार. पण हे मुकं रीळ शेवटी कुणापुढे येणार, हे राणीसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. त्या जगाशी बोलतच नव्हत्या. एका बाईशी बोलत होत्या.

आणि त्या बाईने काय केलं? ती म्हणाली, "कागदावरचं ओठांत बसत नाही. मी जुळवून देते." दोन मिनिटांत जुळवलं. "मला इथेच राहायचंय. मी मजेत." तंतोतंत बसलं. सगळ्यांनी वाहवा केली. ते ऐकताना आवाजबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि आता ते आठवलं की त्यांना स्वतःची किळस यायची. वर्तमानपत्रं गप्प झाली. आठ महिन्यांनी राणीसाहेब गेल्या. आजार, असं छापून आलं.

आता राजवाड्याचं संग्रहालय होत होतं. रिळावरचा जुना आवाज खराब झाला होता, म्हणून पुन्हा बोलावणं आलं होतं.

व्यवस्थापकबाई दारातच सामोऱ्या आल्या. "या ना! लहानपणी आम्ही हे टीव्हीवर पाहिलंय. आई डोळे पुसत म्हणायची, पोरीने नशीब काढलं." त्या एका लांब खोलीत घेऊन गेल्या. बाहेर लख्ख ऊन होतं, पण आत जाड पडदे ओढलेले. जुन्या फिल्मचा आंबट वास खोलीत भरून राहिला होता, नाकातून थेट घशात उतरणारा. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसला होता. त्याने नमस्कार केला आणि तुकडा सुरू केला.

खिडकी. राणीसाहेब. ओठ हलले. नऊ सेकंद, मग पडदा काळा. पुन्हा खिडकी, पुन्हा ओठ.

आवाजबाईंनी श्वास घेतला. "थांबा जरा... त्या तसं म्हणत नाहीयेत."

"मग काय म्हणतायत?" व्यवस्थापकबाईंनी कौतुकाने विचारलं.

उत्तर जिभेवर होतं. पण त्यामागून येणारा प्रश्नही दिसत होता. मग तेव्हा हे कुणी जुळवलं, बाई? तो प्रश्न या हसऱ्या चेहऱ्यावर उमटताना बघायचं त्यांच्याने होईना. त्या शरमेने अशा घामाघूम झाल्या की गळ्याचा रुमाल सोडावा लागला.

"म्हणजे... जरा हळू म्हणतायत," त्या पुटपुटल्या. "घ्या तुम्ही."

लाल दिवा लागला. आणि सत्तरीच्या त्या गळ्यातून पंचविशीतला गोड आवाज जसाच्या तसा बाहेर आला. "मला इथेच राहायचंय. मी मजेत."

"एका टेकमध्ये!" रेकॉर्डिस्ट ओरडला. "कमाल आहे, बाई!"

व्यवस्थापकबाईंनी टाळ्या वाजवल्या. आवाजबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. याच टाळ्यांसाठी आपण तिला एकदा विकलं होतं, आज तर फुकटच विकलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

"ऐकवतो हं," रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि त्याने तुकडा आवाजासकट लावला.

खिडकी. राणीसाहेब. गोड आवाज. मी मजेत. इथे पडदा काळा व्हायचा.

झाला नाही.

राणीसाहेब खिडकीत उभ्याच राहिल्या. खाली कॅमेऱ्याकडे असलेली नजर त्यांनी सावकाश उचलली आणि सरळ खोलीत आणली. ओठ पुन्हा हलले. दोनच शब्द. आवाज नव्हता, पण आवाजबाईंना आवाज लागत नव्हता.

पुन्हा तूच?

"अरेच्चा," रेकॉर्डिस्ट पुढे वाकला. "हा भाग मघाशी दिसला नव्हता. बाई, शेवटचे दोन शब्द रिकामे राहिले की... काय म्हणतायत त्या?"

खोलीतला आंबट वास दाट झाला. पडद्यावरचे ओठ पुन्हा तेच म्हणाले, आता आणखी सावकाश, लहान मुलाला समजावावं तसे.

"बाई? तुम्हाला तर ओठ कळतात ना?"

आवाजबाईंनी सोडलेला रुमाल पुन्हा गळ्याला गुंडाळला. खरं सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. कुणी रागावलं नसतं. फार तर घरी पाठवलं असतं.

"काही नाही..." त्या म्हणाल्या. "खोकतायत त्या."

"असं होय! मग खोकला भरून टाकू या ना."

लाल दिवा लागला. आवाजबाईंनी माइकजवळ तोंड नेलं आणि त्या खोकल्या. पडद्यावर राणीसाहेब ओठ घट्ट मिटून त्यांचं खोकणं संपायची वाट बघत उभ्या होत्या.