उंबऱ्याबाहेरचा वॉकिंग बूट

वालीवला पाण्याची मोटर दुरुस्तीला टाकली होती, ती आणायला मी त्या शुक्रवारी रिक्षा काढली. निघताना रामनाथ आडवा आला. म्हणाला, चंदू, जातोच आहेस तर आमच्या मितेशला दवाखान्यात सोड, येताना घेऊन ये. रामनाथ म्हणजे भुईगावातला माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि मितेश त्याचा मुलगा. तेव्हा ही काही ऐकीव गोष्ट नाही. उन्नती, गोष्ट ऐकायला बसलीयस तर हसून घे आत्ताच. पुढं हसायला जागा नाही.

मितेश पोलीस भरतीची तयारी करत होता. वय संपत आलेलं, ही शेवटचीच भरती. रोज पहाटे समुद्रावर धावायचा, त्यातच डाव्या पायाच्या हाडाला चीर गेली. डॉक्टरांनी वॉकिंग बूट दिला. काळा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, पुढं तीन चिकटपट्टे. पट्टा सोडला की चर्र आवाज यायचा. सहा आठवडे हा झोपतानासुद्धा काढायचा नाही, म्हणाले. चीर वाढली तर ऑपरेशन, आणि मग भरती विसरा. 

घरी आलो तर संकष्टी. सतरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. त्याची आई, कमळीवहिनी, सकाळपासून उपाशी. तिनं दारातच अडवलं. रस्त्याची, दवाखान्याची घाण घेऊन देवासमोरून जायचं नाही. पायातलं उंबऱ्याबाहेर, हा काय आजचा नियम आहे? मी म्हटलं, वहिनी, हे औषध आहे, चप्पल नव्हे. पण रिक्षावाल्याचं कोण ऐकतो. शेवटी ठरलं की दिवसभर बूट घालून ओटीवर बसायचं आणि रात्री तो बाहेर काढून लंगडी घालत आत झोपायला जायचं. चंद्र बघून जेवणं झाली आणि साडेदहाला सगळे आडवे झाले.

मितेशचं अंथरूण ओटीच्या खिडकीला लागून होतं. रात्री त्याला जाग आली. मोबाइल पाहिला. तीन वाजून वीस मिनिटं.

चर्र.

बाहेर कोणीतरी पट्टा सोडला.

चर्र... चर्र.

तिन्ही सुटले.

मग बराच वेळ काही नाही. मग पायरीवर एक जड पाऊल. ठक. त्याच्यामागे दुसरं, अनवाणी, हलकं. पुन्हा ठक. पावलं वाडीतून समुद्राकडे निघाली. जाता जाता वेग वाढला. कोणीतरी धावत होतं...

सकाळी बूट जागच्या जागी. मितेशचा पाय मात्र ठणकत होता. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. तो कोणाला बोलला नाही, कारण ते धावणं त्याच्या ओळखीचं होतं.

संग्राम. त्याचा तयारीतला जोडीदार. वर्षापूर्वी पहाटे, दोघं समुद्राच्या रस्त्यानं धावत असताना, डंपरनं त्याला उडवलं. डावा पाय तर... जाऊ दे. त्या दिवशी संग्रामच्या अंगात ताप होता, तो नको म्हणत होता. मितेशनंच फोनवर फोन करून त्याला उठवलं होतं. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पोरगं रोज रात्री पडून ऐकायचं आणि म्हणायचं, नेतोय तर नेऊ दे, माझ्यामुळेच गेला ना तो.

दहा दिवसांनी पुन्हा पायाचा फोटो काढला. चीर दुपटीनं वाढलेली. डॉक्टर भडकले, किती किलोमीटर धावलास म्हणून विचारलं. आणखी एकदा असं दिसलं तर सरळ ऑपरेशन. त्या संध्याकाळी मितेशनं आईला सगळं सांगितलं. रडला खूप. वहिनी रात्री दाराआड पाट टाकून बसली.

तीन वीस.

चर्र.

तिनं दार उघडलं. ओटीवर कोणी नव्हतं. बूट होता, उभा. वरचा पट्टा सुटलेला. आणि धाप ऐकू येत होती. लांबून धावत आलेल्या माणसाची. बुटाच्या वर... माणसाच्या उंचीवर.

दुसरा पट्टा हळूहळू उचलला जात होता.

"कोन हाय?" तिनं विचारलं. "संग्राम... त्याचा पाय हाय तो. तुजा नाय."

धाप थांबली.

"माज्या पोरानं तुला उठवला. चुकला तो. मी पाया पडते तुज्या."

 

मग वहिनीनं तो बूट उचलला. तसाच, देवासमोरून, आत नेला. स्वतःच्या हातानं मितेशच्या पायात चढवला, तिन्ही पट्टे आवळले. भरतीच्या दिवसासाठी आणलेले नवे शूज होते, अजून खोक्यातच. ते नेऊन पायरीवर ठेवले.

"हे घे," म्हणाली. "हे धावायचे."

आणि दार लावलं.

सकाळी पायरीवर उजवा शूज होता. डावा नव्हता. रामनाथ म्हणाला, कुत्र्यानं नेला असेल. मीही म्हटलं, कुत्र्यानंच. म्हणायला काय जातं?

पण त्या रात्रीनंतर आवाज बंद झाले. हाड जुळलं. मे महिन्यात ग्राउंड, म्हणजे भरतीची धावण्याची परीक्षा लागली, मितेश जुने शूज घालून धावला आणि पास झाला. आज नोकरीवर आहे. समुद्राकडे मात्र फिरकत नाही.

ग्राउंडच्या दिवशी त्याला सोडायला मीच गेलो होतो. पहाटेचे साडेचार. वहिनीनं दार उघडलं आणि तिथेच थांबली.

पायरीवर डावा शूज होता.

नाडी नीट बांधलेली. तळ घासून पार गुळगुळीत झालेला, एकही रेघ शिल्लक नाही. मितेशनं हात लावला नाही. रामनाथ मागे सरला. मी उचलला. आत हात घातला...

आत गरम होतं. आत्ताच कोणीतरी पाय काढल्यासारखं.