काचेच्या अलीकडे

संचालक, ती काच तुम्ही पुसलीत. मी नाही, भावोजींनी नाही. तुम्ही, स्वतःच्या रुमालानं. आणि आता सगळ्यांना सांगत फिरताय की खोलीत ओल होती.

मग काय झालं ते मीच सांगतो.

आपल्या बोलत्या शब्दकोशात अर्थ मी लिहितो. उच्चार माझी ताई करायची. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, काचेच्या अलीकडे यंत्रावर बसून ते ध्वनिमुद्रित करायचे. पलीकडे तिची बंद खोली. भिंतींना करडा फोम, एक माइक, एक खुर्ची आणि ताई बुटकी म्हणून खुर्चीवर उशी.

ताई गेली आणि तुमचा हुकूम आला की सगळा कोश एकाच नव्या आवाजात हवा. भावोजींनी स्वतःच्या हातानं तिचा एकेक शब्द पुसला. एकच मागे ठेवला. प्राण.

तो तिनं आजारपणात म्हटला होता. शब्दाच्या आधी तिचा श्वास ऐकू येतो, घरघरणारा. नियमानं तो कापायला हवा होता. भावोजींची कात्री चालली नाही.

त्या शब्दाची नोंद माझी होती. ‘अन्’ म्हणजे श्वास घेणं. वाऱ्याला अनिल म्हणतात, तोही याच धातूतला. ‘प्र’ म्हणजे पुढे. पुढे जाणारा श्वास, तो प्राण. आपण म्हणतो प्राण गेला, जणू दार ओढून घेऊन कोणी निघून गेलं. शब्दात मात्र दार ओढल्याची खूण नाही. पुढे, एवढंच आहे. पुढे म्हणजे कुठे, ते मला कुठल्याच ग्रंथात सापडलं नाही. तुम्ही शेरा मारलात, ‘शाळा सोडलेल्यांनी काव्य करू नये.’ असो.

एका दुपारी भावोजींनी मला बोलावलं. पलीकडची खोली रिकामी, दिवा लागलेला. त्यांनी फाइल लावली. श्वास. मग शब्द. आणि ताई उशीवर बसली की तिचं तोंड जिथं यायचं, त्या उंचीवर काचेवर वाफेचा एक गोल उमटला.

मी बाहीनं पुसला. निघेना. वाफ पलीकडच्या बाजूला होती. आत जाऊन पुसली तेव्हा निघाली. एसी बंद केला, खुर्ची बाहेर आणली, दार लावून घेतलं, पुन्हा फाइल लावली.

पुन्हा उमटला.

“जन्मभर म्हणायची, मला जरा श्वास घेऊ द्या हो,” भावोजी म्हणाले. “घ्या, घेतेय आता निवांत.” ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी काचेला कपाळ टेकवलं.

मी कशापुढेच हात न जोडणारा माणूस. पण त्या दुपारी माझा आवाज आपोआप खाली आला, आणि बराच वेळ वर चढलाच नाही.

मग तुम्ही आलात.

“साहेब, एवढा एक शब्द राहू द्या,” भावोजी म्हणाले. “घरी तिचा आवाज कशातच नाही.”

“हा कोश आहे, स्मारक नाही. लावा बघू.”

त्यांनी लावलं. तुम्ही पाहिलंत.

“ओल आहे,” तुम्ही म्हणालात.

“मग पुन्हा लावू का?” मी विचारलं.

तुम्ही भावोजींच्या खांद्यावरून हात घातलात आणि स्वतः पुसायचं बटण दाबलंत. फाइल गेली.

स्पीकर गप्प होता.

काचेवरची वाफ विरली नाही.

ती पसरली. आकसली. पुन्हा पसरली.

तुम्ही रुमाल काढलात आणि काच पुसलीत.

वाफ निघाली.

संचालक, तुम्ही आत गेला नव्हतात. अलीकडे होतात, आमच्याबरोबर. तुमच्या हातून पडलेला रुमाल मी उचलला. ओला होता. कोमट होता.

भावोजी मला रोज एकच विचारतात, ती आता कुठे आहे? मी अर्थ लिहिणारा माणूस, मला सांगता येत नाही. पुसलंत तुम्ही, तेव्हा सांगायचंही तुम्हीच. आणि खोलीत ओल होती, तर दोन मजले वर असलेल्या तुमच्या केबिनच्या सगळ्या काचांवर तुम्ही जाड कागद का चिकटवून घेतलात?

उत्तर द्या.