गुडघ्यावरचा हात

ही ऐकीव गोष्ट नाही. तो एक्स-रे मी स्वतः उजेडाला धरून पाहिलाय.

१९८२चा उन्हाळा. गुलबर्ग्यातला एक खाजगी दवाखाना. रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझे मामा बाबूलाल, बिदरच्या नौबादचे. कबड्डीत पट्टीचे खेळाडू. एकदा सरावात सगळे अंगावर पडले आणि त्या ढिगाऱ्याखाली मामांचा गुडघा पिरगळला. तेव्हापासून तो मध्येच अडकायचा. साध्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही.

लोक म्हणाले, "सोंग करायलाय."

पाठीशी राहिला तो एकटा माणिकराव. जिवलग मित्र. संघातली मामांची जागा त्यालाच मिळाली होती. तरी तो मामांना सायकलवर बसवून न्यायचा, गुडघा शेकून द्यायचा.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात माणिकराव तापानं गेला. मामा सख्ख्या भावासारखे रडले.

गुलबर्ग्याचे डॉक्टर अच्युतराव म्हणाले, "साध्या फोटोत हाडंच दिसतात. दोन हाडांमधली मऊ गादी फाटली असेल, तर सांध्यात औषध सोडून फोटो काढावा लागेल."

सुई टोचली. गुडघा टम्म फुगला. डॉक्टर पडद्याआड गेले.

"हलू नका."

खोलीत मामा एकटेच.

आणि...

कुणीतरी गुडघा धरला.

गार हात. आधी हळूच. मग पिरगळायला लागला.

"डॉक्टर, हात काढा की! दुखायलंय!"

पडद्यामागून आवाज आला, "मी इथं आहे."

नुकताच धुतलेला ओला फोटो डॉक्टरांनी दिव्यासमोर धरला. गादी फाटलेलीच होती. औषध चिरेत शिरून रेघ स्पष्ट उमटली होती.

आणि गुडघ्याभोवती... बोटांची हाडं.

करंगळी नव्हती.

"कुणाचा हात हा?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी तो ओळखला. माणिकरावची करंगळी लहानपणीच कडबा कापायच्या यंत्रात गेली होती.

मामांना आठवलं, त्या ढिगाऱ्याखालीही कुणीतरी गुडघा असाच धरला होता. अशीच पिरगळ होती. ज्याच्या खांद्यावर हात टाकून इतकी वर्षं लंगडले, त्यानंच...

मामा तडक माणिकरावच्या आईकडे गेले. सरुबाई दारातच बसली होती. फोटो पिशवीतून काढायच्या आधीच ती म्हणाली,

"बाबू, माणिक सपनात येऊन रडायलाय रे. म्हणतोय, बाबूला सांग... माझा हात सोड म्हणावं."

ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला.

"मी कुठं धरलोय त्याला?" मामा आजही चिडून विचारतात.

पण झोपेत त्यांची मूठ घट्ट आवळलेली असते.

एकदा मी ती उघडायला गेलो... आत गार बोटं लागली, करंगळी नव्हती.

पुन्हा जाणार न्हाई.